गोडावरचं तेल

आज सकाळी वहिनीनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. ऑलिव्ह ऑइलचे तुम्हाला माहीत नसलेले उपयोग. मी सांगलीतल्या माझ्या स्वयंपाकघरात उद्याच्या शिमग्यासाठी हरभऱ्याची डाळ निवडत बसले होते. व्हिडिओतली गोड आवाजाची मुलगी सांगत होती, हे तेल टाचांच्या भेगांना लावा, केसांना लावा, कुरकुरणाऱ्या बिजागरीत सोडा, चामड्याच्या चपलेवर फिरवा, तान्ह्या बाळाच्या टाळूवर घाला. इथवर मी ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, आता सगळ्यात मोठं आश्चर्य, हे तेल चक्क गोड पदार्थांतही चालतं. केकमध्ये लोण्याऐवजी घाला, आईस्क्रीमवर वरून धार सोडा, चॉकलेटवर मिठाच्या कणांबरोबर घाला. खाली वहिनीनं लिहिलं होतं, 'वन्सं, नक्की करून बघा. एकदम नवीन आहे.'

एकदम नवीन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन पालथा घातला आणि डाळ अशी जोरात घोळली की निम्मी सुपाबाहेर गेली. दर फाल्गुनात माझं हे असंच होतं. लोकांना या दिवसांत पळस दिसतो, आंब्याचा मोहोर दिसतो. मला चिडायला होतं.

आधीच सांगते, त्या तेलाशी माझं काही भांडण नाही. ते कुठल्या तरी लांबच्या देशातल्या झाडाचं, तिथल्या बायाबापड्यांनी वेचलेल्या फळांचं तेल. तिथली एखादी म्हातारीही ते पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर, गोडावर घालत असेल. फरक एवढाच, की तिथं तिच्या लेकानं पाहुण्यांसमोर तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं नसेल.

माझं माहेर माण तालुक्याच्या पूर्वेला. पाऊस तिकडं वाट चुकल्यासारखा येतो. आमच्या घराण्यात मेंढरं. वडील दिवाळीनंतर कळप घेऊन पश्चिमेकडं उतरायचे आणि आई मागं राहून शेत बघायची. शेत म्हणजे शाळूचा, रब्बीच्या ज्वारीचा, एक तुकडा आणि त्याच्या चारी कडेनं करडई. मेंढरं पाळणाऱ्याला दुसऱ्याची जनावरं काय करतात ते बरोबर कळतं. करडईचा काटा असा, की गुरं त्यात तोंड घालत नाहीत. शाळू आत सुखानं वाढतो. ही आमची कुंपणाची तार. थंडीत तिच्या कोवळ्या पानांची भाजी व्हायची, मग पिवळी-केशरी फुलं यायची, आणि फाल्गुन लागता लागता सगळं झाड वाळून नुसता काटा उरायचा.

ती काढायची पहाटे. दवानं काटा मऊ असतो तोवर हात चालवायचा. ऊन चढलं की तीच करडई अंगावर धावून येते. आई हाताला पोत्याचा तुकडा गुंडाळायची, मला तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी द्यायची. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वरंब्यावर उभा राहून नुसता म्हणायचा, "आये, मी पेंढ्या उचलतो." पेंढ्या उचलायलाही हात लागतात हे त्याला उशिरा कळायचं. संध्याकाळी चुलीपुढं बसून आई आमच्या बोटांत मोडलेले काटे काढायची. आधी कोमट तेलाचा थेंब, मग टाचणी. दादा सगळ्यांत जास्त ओरडायचा. त्याचे हात तिनं मांडीवर घेतलेले मला अजून दिसतात. म्हणून तर राग जास्त येतो. परक्यानं केलं असतं तर विसरले असते.

वाळलेली करडई बडवून, उफणून पांढरं बी निघायचं. सगळं पीक हाती यायला वेळ असायचा, पण शिमग्याच्या आधी थोडं तरी बी घाण्यावर जायचंच. घाण्याच्या चोचीखाली आई भाकरीचा तुकडा धरायची आणि आम्हाला द्यायची. त्या कोमट तेलाचा वास मला अजून कुठल्या बाटलीत सापडलेला नाही. आणि मग शिमग्याला पुरणपोळी. आमच्याकडं गाय नव्हती, म्हैस नव्हती, मग तूप कुठून येणार? मेंढरं आणि दोन-चार शेळ्या. पण करडई आमची होती. पोळी तेलावरच लाटायची, तव्यावरून काढली की ताटात घालायची, आणि वरून पितळेच्या चोचीच्या झारीतून नव्या तेलाची बारीक धार. सोबत गुळवणी. पोळी त्यात कुस्करायची. नव्या तेलाची पहिली धार घरातल्या कुणाच्या ताटात पडायची नाही, ती पाहुण्याची. त्या दिवशी पाहुणा नसला तर आई वाटेवरच्या माणसाला हाक मारून जेवायला बसवायची. एका वर्षी तिनं एसटीच्या कंडक्टरला बोलावलं होतं. तो बिचारा गाडी उभी करून दोन पोळ्या खाऊन गेला आणि गाडीतले लोक शिव्या देत बसले.

गोडावर तेल ही आमच्या घरी गरिबीची खूण नव्हती हो. ती ऐपतीची खूण होती. ज्याच्या घरी नवं तेल, त्याच्याच पोळीवर धार. हे मी इतक्या जणांना समजावून सांगितलं आहे की आता कंटाळा येतो.

आता तो शिमगा. दादा फौजेतून सुभेदार होऊन परत आला होता. साताऱ्यात घर बांधलं होतं. वहिनी रहिमतपूरच्या बाजूची, पाटाच्या पाण्यावरच्या उसाच्या घरातली. तिच्या माहेरी दावणीला म्हशी आणि शिंकाळ्यात तूप. ती वाईट बाई नाही, पण तिला तिच्या माहेरासारखं जे नाही ते सगळं दुरुस्त करावंसं वाटतं. त्या वर्षी दादाच्या लेकीचं, माझ्या भाचीचं, ऋतुजाचं लग्न ठरत होतं. मुलाचे वडील कोयनानगरच्या वसाहतीत धरणाच्या कामावर नोकरी करून निवृत्त झालेले, आई शाळेत शिक्षिका होती. त्यांनी स्वतःच म्हटलं, तुमचं मूळ गाव बघायचंय. आणि ते शिमग्यालाच आले.

आई चार दिवस आधीपासून आनंदात होती. पाहुणा वाटेवरून हाकारायची गरज नव्हती, तो आपल्या पायानं येणार होता, आणि तोही नातीच्या सोयरिकीचा. तिनं पहाटे जाऊन काठाची करडई काढली, तेल काढून आणलं. झारी चिंचेनं घासून सोन्यासारखी केली. मी सांगलीहून आदल्या दिवशी गेले होते. ती मला म्हणाली, "ह्या वर्साचं त्याल लय ग्वाड उतरलंय. बघ, पाव्हनी बोटं चाटत्याल."

पंगत पडवीत बसली. कटाची आमटी, भजी, गुळवणी, पोळ्या. आई झारी घेऊन आली आणि विहीणबाईंच्या ताटापुढं वाकली. तेलाची धार पोळीवर पडली, पातळ मधासारखी. विहीणबाईंनी विचारलं, "हे काय आहे?"

एवढंच. मी त्यांच्या शेजारी बसले होते, मी त्यांचा चेहरा पाहिलाय. तोंड वाकडं नव्हतं, आवाजात हेटाळणी नव्हती. बाईंना खरंच जाणून घ्यायचं होतं. आईनं सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात दादा उठला. भरल्या पंगतीतून उठून आला, आईच्या हातातली झारी घेतली आणि हसत म्हणाला, "राहू द्या, राहू द्या. आमच्यात गोडावर तेल घालत नाहीत. म्हातारीची सवय आहे जुनी. अगं, तूप आण."

वहिनी तुपाचा डबा घेऊन आलीच. विहीणबाईंचं ताट बदललं. तेल पडलेली पोळी उचलून कुत्र्याला टाकली.

आई तिथंच उभी होती. रिकामा हात अजून तसाच, झारी धरल्यासारखा. मग तिनं तो पदराला पुसला आणि आत गेली. मी उठून मागं गेले तर ती चुलीपुढं बसून पुढची पोळी लाटत होती. मी म्हटलं, "आई, मी बोलते त्याला." ती म्हणाली, "गप बस. पोरीच्या सोयरिकीचं हाय." मी गप्प बसले, कारण तिनं सांगितलं होतं. त्या दिवशी तिनं स्वतः पोळी खाल्ली ती कोरडी. तूपही घेतलं नाही, तेलही नाही. आणि तेव्हापासून कुठल्याही शिमग्याला तिनं पोळीवर काहीही घेतलेलं नाही.

लोकांना वाटेल, एवढंसं तेल, त्याचं काय एवढं? पण एखाद्या माणसाकडं दुसऱ्याला द्यायला एकच गोष्ट असते. वर्षभर ती पेरायची, राखायची, काट्यांतून काढायची, आणि मग एका दुपारी पाहुण्याच्या ताटात सोडायची. ती गोष्ट तुम्ही हसत हसत त्याच्या हातातून काढून घेतली, तर तुम्ही त्याला नेमकं काय शिल्लक ठेवलंत?

त्या वर्षी परतीचा पाऊस चांगला झाला. जमिनीला पेरणीजोगा वाफसा आला. आईनं शाळू पेरला आणि कडा मोकळ्या सोडल्या. मी फोनवर विचारलं, "करडई न्हाई पेरली?" ती म्हणाली, "कशाला? खातंय कोन?" आवाजात रुसवा नव्हता. रुसवा असता तर काढता आला असता. हिशेब मिटल्यासारखं ती बोलली. शेजाऱ्याची म्हैस त्या वर्षी शाळूत शिरली आणि निम्मा तुकडा तुडवून गेली, तेव्हा दादानं सिमेंटचे खांब आणि तार पाठवली. त्याला वाटलं, प्रश्न सुटला.

त्यानंतरच्या एका दिवाळीला दादानं आईला हिरव्या काचेची एक मोठी बाटली आणून दिली. म्हणाला, "आये, आता हेच खायचं. हार्टला एकदम फर्स्ट क्लास. फॉरेनचं हाय." आणि गेला. कसं खायचं, कशात घालायचं, काही सांगितलं नाही. आईनं बूच काढलं, बोटावर घेतलं, जिभेला लावलं. कडवट. घशात खवखवलं. आमच्याकडं कडू तेल एकच, करंजाचं, आणि ते जनावराच्या खरजेला. तिनं ताडलं, पोरानं शेळीसाठी औषध आणलंय. परवाच फोनवर आपण त्याला शेळीच्या खरजेचं बोललो होतो. 'खायचं' म्हणाला ते आपणच चुकीचं ऐकलं असणार, असं तिनं धरलं. लेकावर एवढा विश्वास. मग तिनं त्या शेळीला सकाळ-संध्याकाळ रगडून ते तेल लावलं. उरलेलं मोटेच्या जुन्या चाकाला, दाराच्या बिजागरीला, आणि शेजारणीच्या सुनेच्या पायांना.

दादा संक्रांतीला आला तेव्हा शेळी उन्हात आरशासारखी चमकत होती. "आये, बाटली कुठंय?" "संपली की. लय गुन आला रं. बघ की, एक खपली न्हाई ऱ्हायली." दादानं कपाळावर हात मारला. "आये, ते पोळीला, भाजीला घालायचं हुतं!" आई शांतपणे म्हणाली, "पोळीला?"

दादानं हा किस्सा साताऱ्यात सगळ्यांना सांगितला. मिटक्या मारत सांगतो. आमची आई म्हणजे काय सांगू, ऑलिव्ह ऑइल शेळीला चोळलं. लोक पोट धरून हसतात. मीही पहिल्यांदा हसले असेन. पण मग माझ्या ध्यानात आलं, की किश्श्यातला 'पोळीला?' हा शब्द तो कधीच सांगत नाही. तेवढा गाळतो. त्या एका शब्दासाठी तर मी तो किस्सा लक्षात ठेवला आहे.

त्याच सुमारास मला झारी दिसली. गोठ्यात, शेळीच्या दावणीवरच्या खुंटीला टांगलेली. काळी पडलेली. आत करंजेल. जिच्यातून पाहुण्याला पहिली धार पडायची ती झारी. मी आईला विचारलं, "ही हितं का गं?" ती म्हणाली, "चोच बारीक हाय तिला. जखमंवर बराबर पडतंय." मी ती काढून घासायला घेतली तर तिनं माझ्या हातातून घेतली आणि परत खुंटीला लावली.

पुढं दादाला डॉक्टरांनी तूप बंद केलं. म्हणजे करडई गेली होती ती गेलीच, आता वहिनीच्या डब्यातलं तूपही गेलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती राहिलं धुपाटणं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी फोन ठेवून चहा केला आणि चवीनं प्याले.

आणि आता हे. सांगलीत आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत ऑलिव्ह ऑइलचा केक आला आहे. त्यावर पाटी आहे, 'लोण्याशिवाय'. म्हणजे ज्या घरात लोणी नव्हतं ते घर मागासलेलं, आणि ज्या केकमध्ये लोणी नाही तो केक पुढारलेला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ठीक आहे, न विको. पण जिथं पिकतं तिथं त्याची लाज वाटायला लागली की मग ते पिकतही नाही. आमच्या भागात करडईचे काठ आता शोधावे लागतात. खायच्या तेलाच्या जाहिरातीत मात्र पिवळी-केशरी फुलं डुलत असतात, आणि ती बघून कुणी तरी म्हणतं, किती सुंदर, कुठलं फूल हो हे?

गेल्या महिन्यात दादाची साठी झाली. ऋतुजा आणि जावयानं सगळ्यांना पाचगणीला नेलं. विहीणबाई, व्याही, आम्ही, आणि आई. स्ट्रॉबेरीचे दिवस. आईनं गाडीत घाटभर डोळे मिटून घेतले होते. वर एका हॉटेलात बाहेर हिरवळीवर टेबलं मांडली होती, समोर दरी. जेवण झालं. जावयानं हौसेनं काही तरी खास मागवलं. वाढणारा तरुण प्रत्येकाच्या पुढं काचेची वाटी ठेवत आला. व्हॅनिला आईस्क्रीम, कडेनं चिरलेल्या स्ट्रॉबेरी. आणि मागून त्यानं आणली एक छोटीशी, चकचकीत, लांब चोचीची झारी.

दादाच्या वाटीपासून त्यानं सुरुवात केली. वाकला आणि आईस्क्रीमवर हिरवट तेलाची बारीक धार सोडली. वरून मिठाचे चार कण. व्याही म्हणाले, "वा." जावई म्हणाला, "फ्रेश आहे, पप्पा. या सीझनचं." दादानं चमचा भरून तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाला, "क्या बात है. तेल आणि गोड, काय कॉम्बिनेशन आहे! आपल्या लोकांना सुचणारच नाही."

मी चमचा खाली ठेवला. आता बोलायचंच, असं ठरवलं. काय बोलायचं तेही इतक्या वर्षांत घासूनपुसून तयार होतं. पण माझ्या आधी तो वाढणारा आईपर्यंत पोचला होता. "आज्जी, देऊ का?" म्हणत त्यानं झारी वाकवली.

आईनं वाटीवर आपला पंजा आडवा धरला. दोन थेंब तिच्या हातावर पडले.

"नगं बाबा," ती म्हणाली. "आमच्यात गोडावर त्याल घालत न्हाईत."

आवाज चढवला नाही, टोमणा मारल्यासारखाही काढला नाही. तिला सांगितलेलं होतं ते तिनं सांगितलं. वहिनी खळखळून हसली, "आत्याबाईंना सवय नाही हो याची." तिला खरोखरच काही आठवत नव्हतं. असली वाक्यं ज्यांच्या घरातून सुटतात त्यांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून तर आजचा तो व्हिडिओ ती मला पाठवू शकली. विहीणबाईंनी मात्र आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि आपल्या वाटीत बघत बसल्या.

दादाचा दुसरा चमचा हवेत थांबला होता. त्याला आठवलं. त्याच्या मानेवर लाली चढत गेली ती मी पाहिली. त्यानं चमचा वाटीत ठेवला आणि वाटी थोडी पुढं सरकवली.

आई हातावर पडलेलं तेल कोपराला चोळत होती. तिनं त्याच्या वाटीकडं पाहिलं.

"खा की रं," ती म्हणाली. "पाव्हन्यांत बसून ताटात टाकू न्हाई."

दादानं वाटी परत जवळ ओढली. आईस्क्रीम वितळत होतं आणि तेल त्यावर वेगळं तरंगत होतं. माझा साठ वर्षांचा भाऊ मान खाली घालून ते चमच्या-चमच्यानं खात राहिला, तळाशी उरलेलं तेलसुद्धा, आणि आई तो खाईपर्यंत त्याच्याकडं बघत बसली. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.